सेल्फ घेत नाही, नुसती बोंबलते

गाडीची विचारपूस : वाचकांचे प्रश्न

नवरात्र जवळ आलं की आमच्याकडे पत्रांचा ढीग पडतो, आणि यंदा निम्म्या पत्रांत एकच रडगाणं आहे, गाडी चालू होत नाही आणि सायरन बंद होत नाही. पावसाळा सरता सरता हे दरवर्षी होतंच. ओल, उभी राहिलेली गाडी, उंदीर आणि म्हातारी बॅटरी असे चौघं जमले की पहिली ओरडते ती सिक्युरिटी, म्हणजे गाडीचा चोर-अलार्म. एक पत्र सविस्तर घेतोय कारण त्यात सगळंच आलंय, बाकीच्यांना थोडक्यात.

प्रश्न : काका नमस्कार. मी बडोद्याला दांडिया बाजारात राहते, नोकरी मकरपुऱ्याला. आमची २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, घेतली तेव्हाच मिस्टरांनी बाहेरून रिमोटवाली सिक्युरिटी बसवून घेतली होती. गणपतीत नऊ दिवस आम्ही पुण्याला होतो, गाडी वाड्याच्या बोळात उभी. आल्यावर सकाळी रिमोट दाबला तर दारं उघडली पण लगेच सायरन सुरू, तोही रडका, सेल संपलेल्या खेळण्यासारखा, आणि चावी फिरवली तर इंजिन फिरतच नाही, नुसतं टकटकटक. सगळा वाडा खिडकीत. ऑफिसला रिक्षानं गेले. संध्याकाळी एक मिस्त्री आला तो म्हणाला, "बेन, सिक्युरिटी काढी नाखो, बधुं बरोबर थई जशे," म्हणजे सिक्युरिटी काढून टाका, सगळं ठीक होईल, १२०० रुपये सांगितले. दुसरा म्हणाला ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, गेलंय, १८ हजार. सासरे म्हणतात काही झालेलं नाही, धक्का मारा. कोणाचं ऐकू?

उत्तर : ताई, आजच्या दिवस कोणाचंच ऐकू नका. सासऱ्यांचं थोडंसं ऐका, ते का ते पुढे येईलच.

तुमच्या पत्रातच उत्तर आहे. नऊ दिवस, रडका सायरन आणि टकटक. या तीन गोष्टी एका जागी आल्या की मी गाडी न बघता सांगतो, आधी बॅटरी बघा. कसं ते समजून घ्या म्हणजे पुढचा कोणी मिस्त्री तुम्हाला गंडवणार नाही.

बाहेरून बसवलेली सिक्युरिटी गाडी अडवते ती अशी. चावी फिरवली की एक बारीक वायर सेल्फला, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या मोटरला, सांगते की चल, फिर. सिक्युरिटी बसवणारा ती वायर मध्येच कापतो आणि तिथे एक रिले घालतो, छोटी काळी डबी असते बघा. सिक्युरिटी जागी असली की ती डबी रस्ता तोडून ठेवते, मग तुम्ही चावी कितीही फिरवा, सेल्फपर्यंत निरोपच जात नाही. आणि निरोप गेला नाही तर आवाजही येत नाही, एकदम शांत. तुमच्याकडे तर टकटक येतेय. म्हणजे निरोप पोचतोय, सेल्फ उठायला बघतोय, पण अंगात जोर नाही म्हणून पुन्हा बसतोय, पुन्हा उठतोय, पुन्हा बसतोय. हा भुकेचा आवाज आहे, कुलपाचा नाही. आता एक शंका राहते, ती टकटक बोनेटमधून येते की स्टिअरिंगखालून? एकानं चावी फिरवायची, एकानं बोनेटपाशी कान द्यायचा. स्टिअरिंगखालून आली तर ती रिलेची डबी फडफडतेय, पण तीही कमी व्होल्टेजमुळेच फडफडते, सिक्युरिटीनं मुद्दाम अडवलं तर ती फडफडत नाही, गप बसते.

मग सायरन का वाजला? तर सिक्युरिटीच्या मेंदूलाही १२ व्होल्टच लागतात. ते कमी पडले की तो भांबावतो, रिमोटचं अर्धं ऐकतो अर्धं नाही, आणि काही सिक्युरिट्या तर व्होल्टेज पडणं म्हणजेच चोर आला असं धरून चालतात, कारण दार उघडलं की आतला दिवा लागतो आणि तेवढ्यानं बॅटरी किंचित दबते, जुन्या काळी चोर ओळखायची तीच युक्ती होती. तुम्ही दार उघडलंत, दिवा लागला, म्हातारी बॅटरी धपकन बसली, सिक्युरिटी म्हणाली चोर.

नऊ दिवसांचा हिशोब पण करूनच टाकू. तुमच्या गाडीत साधारण ३५ अँपिअर-तासांची बॅटरी असते. गाडी बंद असतानाही घड्याळ, सिक्युरिटी, स्टिरिओची आठवण हे थोडं थोडं खात असतात, ५० मिलिअँपिअरपर्यंत असेल तर ठीक म्हणायचं. तेवढंच धरलं तरी दिवसाला १.२ अँपिअर-तास, नऊ दिवसांत जवळजवळ ११. म्हणजे एक तृतीयांश बॅटरी उभ्या उभ्या गेली, आणि ही नव्या बॅटरीची गोष्ट आहे. तुमची किती वर्षांची आहे ते लिहिलं नाहीत, पण बडोद्याच्या उन्हात बॅटरीला चौथं वर्ष लागलं की मी तिच्यावर भरवसा ठेवत नाही. लोकांना वाटतं थंडीत बॅटरी मरते, थंडीत ती फक्त पडते, मारतो तिला आपला एप्रिल-मे.

आता तपासायचं कसं. घरात साधं मल्टिमीटर असेल तर बॅटरीच्या दोन टोकांना लावा, गाडी बंद असताना. १२.६ च्या आसपास म्हणजे पोट भरलंय, १२.२ म्हणजे अर्धं, १२ च्या खाली म्हणजे प्रश्न सुटला. मल्टिमीटर नसेल तर हेडलाइट लावा आणि भिंतीवरचा उजेड बघत चावी फिरवा. उजेड एकदम विझल्यासारखा झाला तर बॅटरी. उजेड जसाच्या तसा राहिला आणि सेल्फ चूप, तर मग सिक्युरिटीवर संशय घ्या. या एका चाचणीला पैसे पडत नाहीत आणि निम्मे मिस्त्री ती करत नाहीत. आधी टर्मिनल पण बघून घ्या, पांढरी-हिरवी बुरशी चढली असेल किंवा हातानं हलत असेल तर बॅटरी चांगली असूनही हेच सगळं होतं. गरम पाणी, जुना टूथब्रश, मग दहा नंबरच्या पान्यानं घट्ट. पाणी ओतायच्या आधी निगेटिव्ह काढून ठेवा म्हणजे झालं.

बॅटरीच असेल तर शेजाऱ्याच्या गाडीवरून केबल लावून चालू करा. लाल वायर आधी आपल्या प्लसला, मग त्यांच्या प्लसला, काळी त्यांच्या मायनसला आणि शेवटचं टोक आपल्या इंजिनच्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून गॅस निघत असतो आणि शेवटच्या टोकाला ठिणगी उडते, म्हणून. चालू झाली की टर्मिनलवर १३.८ ते १४.४ च्या दरम्यान दिसायला हवं, नाही दिसलं तर अल्टरनेटर चार्ज करत नाहीये आणि उद्या पुन्हा हाच तमाशा. मकरपुऱ्यापर्यंत जाऊन आलं की बॅटरी भरते हा गैरसमज आहे, एवढी उतरलेली बॅटरी रात्रभर दुकानात चार्जिंगला ठेवावी लागते.

आणि समजा बॅटरी ठणठणीत निघाली तरी सेल्फ गप, तर?

तर आधी रिमोट बाजूला ठेवा. ड्रायव्हरच्या दारात चावी घालून हातानं लॉक करा, हातानंच उघडा. आत बसा, सगळी दारं बंद, चावी ऑन करा आणि स्टिअरिंगखाली, फ्यूजच्या झाकणाच्या आसपास बोटं फिरवा, कुठेतरी हरभऱ्याएवढं बटन असतं. व्हॅलेट बटन म्हणतात त्याला. कोणत्या मेकला किती वेळ दाबायचं ते वेगवेगळं, पण चावी ऑन केल्या केल्या काही सेकंद दाबून धरलं की बहुतेक सिक्युरिट्या शस्त्र खाली ठेवतात. रिमोटचा लाल दिवा मंद झाला असेल तर त्याचा सेल बदला. बाहेरच्या रिमोटांत बहुतेक १२ व्होल्टचा करंगळीच्या पेराएवढा सेल असतो, २३ए नाहीतर २७ए, दोन्ही दिसायला भावंडं पण जाडी वेगळी, तेव्हा जुना सोबत न्या.

मग बोनेटचा स्विच. कडेला स्प्रिंगवर दबणारी एक पिन असते, पावसानं ती गंजून अडकते आणि सिक्युरिटीला वाटत राहतं की बोनेट उघडंच आहे. मी शंभर रुपयांच्या या पिनेपायी लोकांनी हजारोंची सिक्युरिटी बदललेली बघितलीय. उंदरांचंही बघा, बोनेट उघडून टॉर्च मारा, वायर कुरतडलेली किंवा लेंड्या दिसल्या तर पुढचं सांगायला नको.

बॅटरीची वायर काढून दहा मिनिटं थांबा असं तुम्हाला कोणीतरी सांगेलच. काढा, आधी निगेटिव्ह, लावताना ती शेवटी. पण दोन गोष्टी ध्यानात असू द्या. काही सायरनांच्या पोटात स्वतःची छोटी बॅटरी असते, मोठी बॅटरी काढली की ते जास्तच जोरात किंचाळतात, त्यांच्या बाजूला छोट्या किल्लीचं भोक असतं, ती किल्ली घरात शोधायची वेळ येते. आणि दुसरं, बऱ्याच सिक्युरिट्यांना आपण शेवटी कशा होतो ते आठवतं, करंट परत आला की त्या पुन्हा पहारा करतच उठतात. त्यामुळे हे काही रामबाण नाही.

सासऱ्यांचा धक्का. बाहेरची सिक्युरिटी फक्त सेल्फ अडवत असेल किंवा बॅटरी थोडीच उतरली असेल तर गिअरवाली पेट्रोल गाडी धक्क्यावर चालू होते, त्यांचं चूक नाही. पण बॅटरी पार झोपली असेल तर नाही होत, कारण इंजेक्शनला आणि पंपाला करंट लागतोच. सिक्युरिटीनं इग्निशन पण तोडलं असेल तरी नाही. कंपनीचा इमोबिलायझर, म्हणजे किल्लीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालू न देणारं कुलूप, अडवत असेल तर तिला गिरनारला ढकलत नेलंत तरी होणार नाही. आणि इंजिन बंद असताना स्टिअरिंग जड, ब्रेक दोन-तीनदा दाबल्यावर दगडासारखा घट्ट, दांडिया बाजाराच्या त्या गल्लीत सकाळी नऊ वाजता हा प्रयोग मी तरी करणार नाही.

ईसीएमवाल्याला एकच विचारा, स्कॅनर लावलात का आणि काय कोड आला. लावलाच नसेल तर १८ हजार हा आकडा त्यानं तुमच्या चेहऱ्याकडे बघून काढलाय.

राहिला तो बाराशेवाला. सिक्युरिटी काढा हे त्याचं म्हणणं मला मुळात पटतं, पण तो काढणार म्हणजे काय करणार ते विचारा. खरं सांगू का, हे दुखणं आमच्यासारख्यांनीच लावलंय. मी कलाभवनातून शिकून निघाल्यावर रावपुऱ्यात बरीच वर्षं हेच केलं, दिवसाला तीन-तीन सिक्युरिट्या बसवल्या. चोराला सापडू नये म्हणून जोड अशा जागी लपवायचो की बस. डॅशबोर्डच्या मागे, हिटरच्या नळीखाली, कार्पेटच्या आत. वायर सोलायची, पीळ द्यायचा, काळी टेप. कुठे काय जोडलं त्याचा कागद कोणालाच दिला नाही, स्वतःजवळही ठेवला नाही. एकदा माझीच बसवलेली गाडी सहा वर्षांनी माझ्याकडेच आली, सेल्फ बंद, आणि मला अर्धा दिवस माझाच रिले सापडेना, गिऱ्हाईक बाकावर बसून चहा पीत बघतंय आणि मी डॅशबोर्डमध्ये डोकं घालून स्वतःलाच शिव्या देतोय. शेवटी सापडला तर रिलेच्या आतले पॉइंट जळून कोळसा झालेले, दर वेळी गाडी चालू करताना त्यांच्यातून करंट जायचा, किती वर्षं टिकणार. आणि टेपचा डिंक मे महिन्यात वितळून पीळ उघडा पडलेला. तेव्हा १०-१२ वर्षं जुनी बाहेरची सिक्युरिटी ही चोरासाठी राहिलेली नसते, ती फक्त मालकाला अडवते.

म्हणून काढायचीच, पण कापून तोंडं टेपनं बंद करणं म्हणजे काढणं नाही. सांगा त्याला, पूर्ण डबी, रिले, सायरन, सगळी वायर बाहेर, आणि सेल्फची जी वायर कापली होती ती झाळून जोडायची, वर आकसणारी नळी चढवायची, टेप नको. दीड-दोन तासांचं काम आहे. असं करून देणार असेल तर बाराशे महाग नाहीत. अर्धवट कापून गेला तर सिक्युरिटीला करंट नेणारी ती लोंबती लाल वायर कुठे लोखंडाला टेकली की धूर. मधल्या दिवसांत सायरनचा त्रास नको असेल तर बॅटरीच्या प्लसजवळ त्या लाल वायरवर फ्यूज असतो तो काढून ठेवा. काही रिले अशा जोडलेल्या असतात की सिक्युरिटीचा करंट गेला की सेल्फ मोकळा, काही उलट्या, काढून बघितल्याशिवाय कळत नाही.

एक लहानसं कागदी काम. इन्शुरन्सच्या कागदावर अँटी थेफ्टची सूट घेतलीय का बघा. एआरएआय या पुण्याच्या वाहन तपासणाऱ्या संस्थेनं मान्य केलेलं यंत्र असेल तर ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या, हप्त्यावर अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये, अशी सूट मोटर विम्याच्या जुन्या टॅरिफमध्ये, म्हणजे ठरवून दिलेल्या दरांत, होती. घेतली असेल आणि यंत्र काढून टाकलंत तर कंपनीला कळवा, पाचशे रुपयांसाठी पुढे क्लेम अडकायला नको.

प्रश्न : मांजलपूर. माझ्या गाडीची किल्ली जुनी झाली, कव्हर फुटलं होतं, रस्त्यावरच्या दुकानातून नवीन कव्हर टाकून घेतलं, ३०० रुपये, एकदम मस्त दिसते. पण तेव्हापासून गाडी चालू होते आणि दोन सेकंदांत बंद पडते, डॅशबोर्डवर गाडी आणि कुलपाचं चित्र लुकलुकतं. रिमोटनं दारं व्यवस्थित उघडतात म्हणजे किल्ली तर चालू आहे ना? सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात गाडी टो करून आणा.

उत्तर : भाऊ, टो नंतर करा, आधी त्या दुकानात पळा आणि त्याची कचऱ्याची टोपली बघा. थट्टा करत नाहीये.

तुमच्या किल्लीत दोन वेगवेगळी भुतं राहतात. एक रिमोट, त्याला सेल लागतो, तो दारं उघडतो. दुसरी चिप, भाताच्या शितापेक्षा जरा मोठी काचेची कांडी किंवा काळा चौकोनी खडा, हिला सेल लागतच नाही. इग्निशनच्या भोकाभोवती तारेचं एक वेटोळं असतं, चावी ऑन केली की ते चिपला जवळून करंट पुरवतं, चिप आपला नंबर सांगते, नंबर जुळला तर ईसीएम पेट्रोल चालू ठेवतं, नाही जुळला तर बंद. दोन सेकंद चालून बंद पडणं आणि कुलपाचा दिवा ही त्याचीच खूण. रिमोट चालतो यावरून चिपबद्दल काहीच कळत नाही.

कव्हर बदलणारा पोरगा सर्किट काढतो, पातं काढतो, आणि चिप जुन्या प्लास्टिकच्या खाचेत चिकटलेली राहते, ती कव्हरासकट कचऱ्यात. दुसरी किल्ली घरात असेलच, तिनं चालू करून बघा, झाली तर निदान पक्कं. जुनं कव्हर मिळालं तर चिप काढून नव्यात बसवा, काम फुकटात. नाही मिळालं तर नवी चिप कोड करावी लागेल. पहिल्या दोन किल्ल्यांची माहिती आणि कोड असलेलं जे कार्ड गाडीसोबत आलं होतं ते शोधून ठेवा, आणि चालू असलेली ती दुसरी किल्ली सोबत न्या, खर्च कमी होतो. दीडशे रुपयांत मिळणारी डुप्लिकेट फक्त दार उघडेल हे सांगायला नको.

अजून एक, दोन गाड्यांच्या चिपवाल्या किल्ल्या एका जुडग्यात घालू नका. वेटोळ्यापाशी दोघी एकदम बोलायला लागल्या की त्याला कोणाचंच नीट ऐकू येत नाही. आणि किल्ली हरवली तर हरवली म्हणून लिहून ठेवा, गाडी चोरीला गेली तर इन्शुरन्सवाले दोन्ही किल्ल्या मागतात.

प्रश्न : समा. ऑगस्ट २०२४ च्या पुरात आमची गाडी दोन दिवस पाण्यात होती, सीटपर्यंत. क्लेममधून दुरुस्त करून घेतली, वर्षभर छान चालली. आता या पावसाळ्यात रात्री आपोआप इंडिकेटर लागतात, हॉर्न वाजतो, सेंट्रल लॉक स्वतःच उघडझाक करतं, आणि कधी चालू होते कधी नाही. बाहेरची सिक्युरिटी नाहीच आमच्याकडे.

उत्तर : ही पुराची उधारी आहे, उशिरा वसूल होते. आजवा धरणाचं पाणी विश्वामित्री नदीत आलं आणि विश्वामित्री आपल्या घरात आली त्यानंतर अशा गाड्या मी बऱ्याच बघितल्या, एकीत तर गाळ काढताना मालक सारखा विचारत होता की खाली मगर नाही ना, आणि त्याला हसायची सोय नव्हती.

पाणी सुकतं पण गाळातलं मीठ-माती कनेक्टरमध्ये राहते. तांब्याला हळूहळू हिरवा गंज चढतो आणि हवेत ओल आली की दोन पिनांच्या मध्ये करंट झिरपायला लागतो. म्हणून उन्हाळ्यात गाडी शहाणी, पावसात वेडी. कंपनीच्या गाडीत दारं, दिवे, हॉर्न, अलार्म हे सगळं बीसीएम नावाचा डबा सांभाळतो, तो बहुतेक डॅशबोर्डच्या खाली डाव्या-उजव्या कोपऱ्यात, म्हणजे बरोबर बुडायच्या जागी. दाराचा स्विच बंद असूनही त्याला उघडा दिसतो, मग तो अलार्म लावतो, आणि इमोबिलायझरशी बोलणं तुटलं की गाडी चालू होत नाही.

सर्व्हिसवाला लगेच बीसीएम बदला म्हणेल. म्हणू द्या. आधी त्याच्याकडून दोन्ही पुढच्या सीट आणि कार्पेट उचलून घ्या, उंबऱ्याच्या पट्टीखालून वायरचा जाड दोरखंड गेलेला असतो, त्याचे कनेक्टर एकेक उघडून बघायचे. हिरवं दिसलं की कॉन्टॅक्ट क्लीनर, ब्रश, सुकवणं, आणि पिन खाऊन गेली असेल तर ती बदलणं. इंजिनच्या लोखंडाला जाणारी अर्थिंगची वायर पण काढून घासून लावा, अर्ध्या भुतांचं घर तिथेच असतं. हे काम मजुरीचं आहे, सामानाचं नाही, म्हणून कोणाला आवडत नाही. एवढं करूनही राहिलं तरच डबा. आणि नवा डबा गंजलेल्या कनेक्टरमध्ये घातलात तर पुढच्या श्रावणात पुन्हा पत्र लिहाल.

कार्पेटखालचा फोम अजून ओला आहे का दाबून बघा. वर्षानंतरही निघतो, खोटं नाही सांगत.

प्रश्न : वाघोडिया रोड, सोसायटीतल्या एका गाडीचा अलार्म गेल्या नवरात्रात रोज रात्री वाजायचा, मालक परदेशी. काही कायदा आहे का? आणि आमच्या मुलानं सुचवलं की बोनेट उघडून वायर काढावी.

उत्तर : मुलाला आवरा. दुसऱ्याच्या गाडीचं बोनेट उघडलंत आणि उद्या काही बिघडलं तर खापर तुमच्यावर. कायदा असा की रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, सायरन त्याच्या कितीतरी वर, सोसायटीच्या कमिटीनं लेखी कळवावं आणि मालकाच्या नातेवाइकाकडून दुसरी किल्ली मागवावी. पण नवरात्रातच वाजतो यावरून मला वाटतं त्याचा धक्का ओळखणारा सेन्सर फार नाजूक लावलाय, गरब्याच्या ढोलाचा बास जमिनीतून येतो आणि त्याला वाटतं कोणी काच फोडतंय. दिवाळीत फटाक्यांनी पण वाजेल. सेन्सरवर एक बारीक स्क्रू असतो, मालक आला की तो थोडा कमीच्या बाजूला फिरवून घ्यायला सांगा, मिनिटाचं काम.

प्रश्न : अकोटा. नवीन गाडी आहे, बटन स्टार्ट. मॉलच्या तळघरात डॅशबोर्डवर आलं की किल्ली सापडत नाही, किल्ली माझ्या हातात! मोबाइलला रेंज नाही, बायको आणि आई बाहेर उभ्या. पाऊण तास गेला, शेवटी एका वॉचमननं चालू करून दिली, काय केलं ते त्यानं सांगितलंच नाही, हसत गेला.

उत्तर : त्यानं ब्रेक दाबला आणि किल्लीच स्टार्टच्या बटनाला टेकवून बटन दाबलं. सेल संपला तरी आतली चिप जिवंत असते, वर मांजलपूरच्या भाऊंना सांगितलं तीच, फक्त ती अगदी जवळ न्यावी लागते. काही गाड्यांत ती जागा बटनावर नसून कपच्या खाचेत किंवा स्टिअरिंगच्या दांड्याला असते, पुस्तकात चित्र आहे. दार उघडत नसेल तर किल्लीच्या बाजूची खिटी दाबा, आतून लोखंडी पातं निघतं. त्यानं दार उघडल्यावर अलार्म वाजेल, घाबरू नका, आत बसून वरच्यासारखं चालू केलं की तो थांबतो. सेल बहुतेक सीआर २०३२ असतो, कोणत्याही घड्याळवाल्याकडे मिळतो, एक जास्तीचा पाकिटात ठेवा. आणि वॉचमनला पुढच्या वेळी गेलात तर सेव उसळ खायला घाला, त्यानं तुमचे टोइंगचे पैसे वाचवलेत.